आकू, स्पेस, टॅब

१७ मार्च, सोमवार

आज आकांक्षानं मला काम सांगितलं. स्वतःहून. तोंडानं.

म्हणाली, दादा, आधी नाव आपोआप पुरं व्हायचं, आता होत न्हाई. एवढंच बोलून गिऱ्हाइकाकडं वळली. पण एवढ्यात सगळं आलं. दुकानात मुजफ्फरभाई होते, गिऱ्हाइकं होती. त्यांना काहून सांगितलं नाही? मलाच सांगितलं. दादा म्हणते ते लोकांसमोर. हुशार आहे. संशय यायला नको.

मुद्दा टेक्निकल आहे, नीट लिहून ठेवतो. चाँद डिजिटल हे वसमतमधलं एक नंबर फ्लेक्स-बॅनरचं दुकान. मालक मुजफ्फरभाई, कॉम्प्युटरवर बसते ती आकांक्षा. तिथल्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं, व्हायरसनं सडलेलं. मी ते उपटून लिनक्स टाकलं आणि माझा स्वतःचा प्रोग्राम बसवला. काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची, पुढं गिऱ्हाइकाच्या फोल्डरचं नाव टाकायचं, की त्यातला फोटो, आणि वेगळा टाइप केलेला मजकूर, म्हणजे नाव, शुभेच्छा, खाली शुभेच्छुकांची रांग, सगळं बॅनरवर जागच्या जागी. कमांड जरा लांब आहे. वीतभर. म्हणून मागच्या आठवड्यात मी तिला छोटं नाव दिलं, शॉर्टकट: आकू. इंग्रजीत तीनच अक्षरं. मुजफ्फरभाईंनी विचारलं, ये आकू क्या है मियाँ? मी पापणी न हलवता सांगितलं, ऑटोमॅटिक कस्टमर युटिलिटी. ते म्हणाले, अच्छा.

तर लांब कमांडीला टॅब चालायचं. गिऱ्हाइकाच्या नावाची दोन-चार अक्षरं टाकून टॅबचं बटण दाबलं की पुढचं नाव मशीन स्वतः पुरं करायचं. शॉर्टकटला ते चालत नाही. मशीन नव्या नावाला ओळख देत नाही. किरकोळ काम आहे. उद्या सकाळी चहाच्या आत.

संकल्प: टॅब दुरुस्त करणे. ती हसली की त्याच क्षणी मनातलं सांगणे. राग कमी करणे.

१८ मार्च, मंगळवार

दुकानाची एक किल्ली माझ्याकडं असते. सकाळी कोणी यायच्या आत जाऊन माझ्या लॉगिननं बसलो. एक ओळ लिहिली: आकूला टॅब कर, लांब कमांडीला करतोस तसं. ओळ माझ्याच सेटिंगच्या फाइलीत टाकली. सामाईक फाइलीत टाकायला मशीन मोठा पासवर्ड मागतं, त्याचा कंटाळा. शेवटी मशीन एकच आहे.

आकू, स्पेस, दोन अक्षरं, टॅब. आलं! पूर्ण नाव आलं!

लगेच माझं लॉगिन बंद केलं. ती आली की तिच्या लॉगिननं बसते. ते मीच करून दिलंय, तिच्या वाढदिवसाला. उघडलं की मागं गुलाबाची फुलं. पासवर्डही मीच ठेवला, माझ्या नावाचा. रोज सकाळी ती माझं नाव टाइप करून दिवस सुरू करते. असं दुसरं जोडपं वसमत तालुक्यात दाखवा.

ती आली. मी बाहेर पानटपरीजवळ उभा, हसू ऐकायला. मुजफ्फरभाईंचं ऐकू आलं, तिचं नाही. आत जाऊन विचारलं, चालतंय का? म्हणाली, न्हाई दादा.

मशीनला जरा वेळ लागत असेल. नवीन गोष्ट आहे.

१९ मार्च

न्हाई.

२० मार्च, गुरुवार

कारण सापडलं. काळी खिडकी एकदा बंद करून नव्यानं उघडावी लागते. तिला सांगितलं. तिनं बंद केली, उघडली. चार गिऱ्हाइकं ताटकळली. न्हाई. मग मी अख्खं मशीन बंद करून चालू केलं. तेवढ्यात कुणाचा तरी अर्धा छापलेला नामकरण सोहळा प्रिंटरमध्ये अडकला. बाळाचं डोकं आलं, नाव आलंच नाही. मुजफ्फरभाईंचा रोजा होता म्हणून ते काही बोलले नाहीत. नुसते वर पंख्याकडं बघत राहिले.

सकाळी माझ्याकडं चाललं होतं. आईच्यान चाललं होतं.

२२ मार्च, शनिवार

आज धाडस केलं. ती बसलेली असतानाच म्हटलं, सरका जरा, मी बघतो. ती उठून मागं उभी राहिली. खुर्ची गरम होती. समोर गुलाब. आकू टाइप केलं, तिच्या देखत तिचंच नाव. टॅब. काही नाही. पुन्हा टॅब. मग इतक्या जोरात टॅब की कीबोर्ड खाली पडला आणि स्पेसचं बटण कपाटाखाली गेलं. ते ती वाकून काढून राहिली आणि मी घाम पुसून राहिलो.

शास्त्रीय विचार केला. सकाळी एकटा असतो, चालतं. ती जवळ असते, चालत नाही. मशीन तेच, ओळ तीच, बोट तेच. फरक एकच. निष्कर्ष: ती समोर असली की चालत नाही. माझं जे होतं तेच मशीनचं होतंय.

२३ मार्च, रविवार

आई म्हणाली, तीन वर्षं नांदेडला कॉम्प्युटर शिकायला धाडलं ते बटणं दाबायला व्हय? परत जा, राहिलेलं पुरं कर. मी म्हणालो, कॉलेज मी अर्धवट सोडलेलं नाही, पूर्ण सोडलंय. ज्या वर्गात माझ्या प्रोग्रामला सर सगळ्यांसमोर हसले त्या वर्गात माझी चप्पलही जाणार नाही. आई म्हणाली, चप्पल तर तू तिथंच टाकून आला होतास. हे खरं आहे. रागात अनवाणीच निघालो होतो. बसस्टँडवर नवी घेतली.

राग कमी करायचा संकल्प उद्यापासून.

२४ मार्च, सोमवार

मुजफ्फरभाईंनी बाजूला घेतलं. म्हणाले, देखो भीमराज मियाँ, मेरेकू टॅब-बिब कुछ नै समजता. मेरेकू इतनाच समजता, तुम आये की मशीन बंद. ईद होने दो, रामनवमी होने दो, तुमारी जयंती का सीझन निकलने दो. तबतक ये लफडा निपटा तो ठीक. नै निपटा तो जयंती के बाद रामकिशन कू बुलाके वापस विंडोज डालता. फिर तुमारा यहाँ काम क्या?

काम क्या! विंडोज आलं की आकू गेलं. आकू गेलं की मला दुकानात यायला कारण गेलं. सकाळची किल्ली गेली. तिच्या डब्यातली ठेचा-भाकर, जी ती एकदा मला विचारून गेली होती आणि मी नको म्हणालो होतो, ती पुन्हा कधी विचारणार?

तीन आठवडे आहेत. तीन आठवड्यांत लोक घर बांधतात.

२६ मार्च

दोष कीबोर्डचा. जुन्या कीबोर्डच्या टॅबखाली शेवेचा चुरा निघाला. नवा कीबोर्ड आणला. दुकानदारासमोरच टॅब दाबून बघितलं, तर कर्सर नुसता पुढं सरकला. मी म्हणालो, हा खराब आहे. तो म्हणाला, मालक, टॅबनं असंच होतंय. मी म्हणालो, तू मला शिकवतो का? तो म्हणाला, न्हाई, तुमीच मला शिकवून राहिले सकाळपासून. पुढं जे झालं ते लिहीत नाही. कीबोर्ड मिळाला.

नवा लावला. तिनं दाबलं. म्हणाली, बटण लई मऊ आहे, छान आहे.

छान आहे म्हणाली!

न्हाई, टॅब चालत न्हाई.

२९ मार्च, शनिवार

आकांक्षानं पेढा दिला. सगळ्यांनाच दिला, पण मला हातात हात लागेल इतक्या जवळून. कशाचा ते विचारलं नाही. विचारल्यानं गोडी जाते. आज सकाळी मी आकूची ओळ जरा वेगळ्या पद्धतीनं लिहिली होती, ते तिच्या लक्षात आलं असणार.

पेढ्यानंतर विचारलं, आज चाललं ना? म्हणाली, न्हाई, पण तुमी एवढं करून राहिले ना दादा. मग फोनवर बोलायला बाहेर गेली.

एवढं करून राहिले ना. म्हणजे दिसतंय तिला.

३१ मार्च, सोमवार. ईद

मुजफ्फरभाईंच्या घरी शीरखुर्मा. त्यांच्या आई चाँदबींनी डोक्यावर हात ठेवून विचारलं, क्या करता बेटा? मी म्हणालो, कन्सल्टंट. त्यांनी मुजफ्फरभाईंकडं बघितलं. ते म्हणाले, अम्मा, बटन ठीक करता. चाँदबी म्हणाल्या, अच्छा काम है, कपडे फटतेच हैं.

आकांक्षाही आली होती, हिरव्या ड्रेसात. मनातलं सांगणार होतो. पण संकल्पात क्रम स्पष्ट आहे: आधी टॅब, मग मन. क्रम मोडला की सगळं बिघडतं.

२ एप्रिल, बुधवार

नवा प्रकाश! इतके दिवस मला कळलंच नाही. तिच्याकडं टॅब चालतंय. ती मुद्दाम न्हाई म्हणते. चालतंय म्हटलं की मी येणार नाही, म्हणून. पोरगी किती झुरून राहिली असेल.

दिवसभर हलकं वाटलं. संध्याकाळी दुकान बंद करताना हळूच म्हणालो, मला सगळं कळलंय. ती दचकली. म्हणाली, तुमाला कोणी सांगितलं? मी म्हणालो, सांगावं लागत नाही. ती म्हणाली, मुजफ्फरभाईंना इतक्यात सांगू नका दादा, जयंतीपर्यंत थांबते मी, त्यांना ऐन गर्दीत तकलीफ नको.

जयंतीपर्यंत थांबते! मला तर तारीखही मिळाली.

३ एप्रिल

तरी एकदा खात्री करावी म्हणून आज लांबून, दाराच्या फटीतून, ती टाइप करताना बघितलं. तिनं आकू टाइप केलं. मग माऊस हातात घेतला. टॅब दाबलंच नाही. कंटाळली असेल बिचारी. विश्वास उडालाय तिचा. माणसावरचा नाही, टॅबवरचा.

४ एप्रिल, शुक्रवार

काल रात्री इंटरनेटवर जगभरच्या लिनक्सवाल्यांना प्रश्न टाकला. इंग्रजीत, सभ्य. शॉर्टकट केलेल्या कमांडीला टॅब माझ्याकडं चालतं, दुसऱ्या व्यक्तीकडं चालत नाही, ती व्यक्ती मला फार महत्त्वाची आहे, लवकर सांगा.

एकानं लिहिलं, टॅब हे जे आधीपासून तिथं आहे तेच पुरं करतं, जे नाही ते आणत नाही, आधी ते तपासा. हे मला सांगतोय. मी प्रोग्राम लिहिलाय.

दुसऱ्यानं लिहिलं, त्या व्यक्तीच्या खुर्चीत बसून हू ॲम आय ही कमांड दे आणि काय येतं ते सांग. म्हणजे मी कोण? मी कोण ते मला विचारतो! तरी संयम ठेवला. सकाळी दुकानात जाऊन बसलो, त्याच खुर्चीत, कमांड दिली. मशीन म्हणालं: भीमराज.

माहीतच होतं. हे विचारायला अमेरिकेतला माणूस लागतो?

त्याला जे उत्तर दिलं त्यानंतर माझं खातं बंद केलं त्यांनी. नांदेडसारखंच. गुणी माणसाला कुठंच जागा नाही.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

दिवसभर भगवे बॅनर. मशीनला हात लावायची बंदी. आकांक्षानं एकटीनं सगळं काढलं. टॅबशिवाय इतकं भराभर कसं करते कळत नाही. प्रेमात माणूस काहीही करू शकतो.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी दुसरीच अडचण सापडली. खरी अडचण हीच असावी. आकू, स्पेस, मुंजाजी, टॅब केलं की मशीन टुंग वाजतं आणि थांबतं. कारण आपल्या भागात घराघरात मुंजाजी. गावच्या पिंपळाखाली मुंजाबा, नवस केला, लेकरू झालं, नाव मुंजाजी. दुकानातल्या फोल्डरांत मुंजाजींची नुसती जत्रा. मशीनला कळत नाही कोणता मुंजाजी, म्हणून ते गप्प बसतं. आकांक्षालाही हेच होत असणार. टुंग वाजलं की ती समजते चालत नाही.

उपाय: मशीननं विचारात पडायचं नाही. टॅब दाबलं की पहिला जो सापडेल तो घ्यायचा आणि पुढं जायचं. माझ्या सेटिंगमध्ये तशी ओळ टाकली. आता टुंग नाही, थांबणं नाही. मुंजाजी, टॅब, की एक मुंजाजी हजर.

प्रेमातही असंच पाहिजे. विचारात पडलं की संपलं.

९ एप्रिल

न्हाई.

आता मी तिला विचारतही नाही. ती माझ्याकडं बघून मान हलवते. लोक एवढं नुसत्या नजरेनं बोलायला वीस-वीस वर्षं संसार करतात.

१० एप्रिल

जेवण जात नाही. आई म्हणाली, कोणी पोरगी आहे का? मी म्हणालो, टॅब आहे. आई म्हणाली, कोणाची?

१२ एप्रिल, शनिवार

आकांक्षा आज रजेवर. परभणीला कागदपत्रं दाखवायला जायचंय म्हणाली. कागदपत्रं म्हणजे साडी. जयंतीला नवी साडी पाहिजेच.

दुकानात गर्दी अशी की शटर अर्धं खाली. वॉर्डावॉर्डातून पोरं येऊन राहिली, निळे बॅनर, शुभेच्छुकांच्या याद्या, कोणाचा फोटो कोणापेक्षा मोठा त्यावरून दारातच बाचाबाची. मुजफ्फरभाईंनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाले, बैठो मियाँ. अल्ला मालिक.

बसलो! माझं लॉगिन. माझं आकू. माझं टॅब. काय चाललं! दोन अक्षरं, टॅब, पुढचा. दोन अक्षरं, टॅब, पुढचा. प्रिंटर थांबेना. पोरं म्हणाली, भीमराजभाऊ, तुमी तर मशीनच झालात. मुजफ्फरभाईंनी स्वतः चहा आणून दिला, मलई घातलेला. म्हणाले, चलता है क्या ये तुमारा टॅब? मी म्हणालो, भाई, पहिल्या दिवसापासून चालतंय. ते म्हणाले, फिर इतने दिन वो बच्ची कायकू नै बोलती थी? मी नुसता हसलो. काही गोष्टी मालकाला सांगायच्या नसतात.

वाढदिवसाचेही तीन होते, त्यातला एक मोठा. मुंजाजी ठेकेदार, युवा नेते. त्यांची पोरं फोटो देऊन गेली, घाई होती. मुंजाजी, टॅब, झालं. फोटो उघडून बघत बसलो नाही. विश्वास नावाची गोष्ट असते.

आज ती नव्हती, एवढंच.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी मोंढ्याच्या चौकात मुंजाजी ठेकेदारांचा बॅनर लागला. मोठा. वर लिहिलेलं, युवा नेतृत्व, उदंड आयुष्य लाभो. खाली शुभेच्छुकांची सगळी फौज. मधोमध मुंजाजी.

दुसरे मुंजाजी.

हे मुंजाजी माघात वारले. त्यांच्या तेराव्याचा फ्लेक्स आमच्याच दुकानात छापला होता. फोल्डरांच्या रांगेत तेच पहिले, म्हणून मशीननं त्यांना घेतलं. मशीननं, मी नाही. रंगही मशीननंच भरले, गळ्यात हार, डोळ्यांवर गॉगल, कारण युवा नेत्याच्या डिझाइनला मी गॉगल आपोआप ठेवलाय.

ठेकेदारांची पोरं दुकानात आली. काय म्हणाली ते वहीत बसत नाही. एकानं माझी कॉलर धरली, मी त्याची धरली, मुजफ्फरभाईंनी दोघांच्याही धरल्या. ठेकेदार स्वतः आले. शांत होते, तेच वाईट. म्हणाले, पोरा, मला जिवंतपणी मारलंस, आन् त्याला मेल्यावर पुढारी केलंस. इतकं आजपर्यंत विरोधकालाही जमलं न्हाई.

बॅनर उतरवायला मला पाठवलं. शिडीवर चढलो. खाली एक बाई उभी. पारुबाई. गेलेल्या मुंजाजींची बायको. कोणीतरी तिला सांगितलं असणार. मला वाटलं आता हीसुद्धा कॉलर धरणार. मी शिडीवरूनच माफी मागून राहिलो, बाई, चूक मशीनची आहे, टॅब दाबलं की. ती ऐकतच नव्हती. वर बघत होती. म्हणाली, चष्मा काळा घातला व्हय त्यांना? मी म्हणालो, व्हय. म्हणाली, लई हौस होती त्यांना काळ्या चष्म्याची. डोळ्याचं आपरेशन झालं तवा दवाखान्यातून दिला होता, आठच दिस घालू दिला डाकटरनं.

मग म्हणाली, हा फेकणार का तुमी? मला द्या. घरावर पत्र्याखाली लावते. पाऊसही अडंल.

घडी घालून तिच्या डोक्यावर ठेवला. जड होता. चार पावलं जाऊन वळली आणि म्हणाली, लेकरा, नाव त्यांचंच हाय ना त्यावर? मी म्हणालो, मुंजाजी आहे, आडनाव दुसरं आहे. म्हणाली, आडनावाला कोण वाचतंय.

ठेकेदारांचा बॅनर मुजफ्फरभाईंनी दुपारी पुन्हा छापला. आकांक्षानं काढला. एक मिनिटही लागलं नाही. मला खुर्चीजवळ येऊ दिलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार. जयंती

आजचा दिवस वर्षातला एक. वर्षभर कोणी काहीही म्हणो, आज छाती पुढं. पांढरा शर्ट, निळा फेटा. सकाळी वंदना, संध्याकाळी मिरवणूक. चौकाचौकात आमचे बॅनर. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात चाँद डिजिटल. बाबासाहेबांचा एकही फोटो चुकला नाही. ते फोल्डर मी टॅबनं घेतलं नव्हतं, पूर्ण नाव हातानं टाइप केलं होतं. तिथं हयगय नाही.

ती आली. पांढरी साडी. आई बरोबर. जयभीम म्हणाली. आई पुढं गेली, ती जरा थांबली. डीजे इतका की छातीत धडधडतंय ते कोणाचं कळत नव्हतं. मी ठरवलं, क्रम गेला खड्ड्यात, आज सांगतो.

तिनंच आधी सांगितलं. उद्यापासून दुकानात न्हाई. पोस्टात लागली. नरसीच्या पुढं एका गावात, शाखा डाकघर. निवड मार्चमध्येच झाली, म्हणून पेढा. परवा परभणीला कागदपत्रं दाखवली. जयंतीपर्यंत थांबले, मुजफ्फरभाईंना अडचण नको म्हणून. तुमाला तर माहीतच होतं की दादा, तुमी म्हणालात, सगळं कळलंय.

मी म्हणालो, व्हय, माहीतच होतं.

मग तिला खूप काही सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, टॅब चाललं का शेवटी?

म्हणाली, न्हाई चाललं. पण जाऊ द्या आता दादा.

मिरवणूक पुढं गेली. मी बॅनरच्या बांबूला धरून उभा राहिलो. लोकांना वाटलं मी बॅनर धरलाय.

१५ एप्रिल, मंगळवार

गेली.

मुजफ्फरभाई म्हणाले, उद्या दुपारी रामकिशन येतो, विंडोज टाकतो. किल्ली उद्याच परत दे. रागावले नव्हते. रागावले असते तर भांडता आलं असतं.

१६ एप्रिल, बुधवार

शेवटच्या सकाळी दुकान उघडलं. माझ्या लॉगिनमध्ये जाऊन काय बघणार? तिच्यात गेलो. पासवर्ड माझ्या नावाचा, बदलला नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या लॉगिनमध्ये एकटा बसलो.

गुलाब नव्हते. कधी काढले माहीत नाही. त्या जागी भरतीचं वेळापत्रक.

आकू, स्पेस, दोन अक्षरं, टॅब. काही नाही. खोलीत मी एकटा, ती नरसीच्या पुढं, तरी काही नाही. म्हणजे निष्कर्ष चुकला.

अमेरिकेतल्या त्या माणसाची कमांड दिली. हू ॲम आय. मशीन म्हणालं: आकांक्षा.

तेव्हा उजेड पडला. तिच्या सेटिंगची फाइल उघडली. रिकामी. शॉर्टकट सामाईक फाइलीत होता म्हणून आकू तिच्याकडं चालायचं. पण टॅबची प्रत्येक ओळ, महिनाभराची, पहाटे उठून लिहिलेली, माझ्या फाइलीत. माझ्याच लॉगिनसाठी. तिच्याकडं त्यातलं काही पोचलंच नव्हतं. सगळं माझ्यापुरतं चालत होतं, झकास चालत होतं.

एक ओळ तिकडून इकडं टाकली. तेराव्याच्या वेळी पारुबाईच्या नावाचंही फोल्डर झालं होतं. आकू, स्पेस, पारु, टॅब. पूर्ण नाव आलं. एका ओळीत.

न राहवून तिला फोन केला. सांगितलं, सापडलं, चालतंय, तुमच्या लॉगिनमध्ये टाकायचं राहिलं होतं. ती म्हणाली, ते व्हय? मी तर पहिल्या दिवसापासनं माऊसनं फोल्डर ओढून काळ्या खिडकीत सोडत होते, नाव आपोआप येतंय त्यानं. टॅबची गरजच न्हाई पडली. तुमी रोज इतक्या आशेनं विचारायचे, म्हणून खरं ते सांगायचे, न्हाई चालत. तुमचं मन मोडंल म्हणून माऊसचं बोलले न्हाई.

मागून कोणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारली. घाईत म्हणाली, दादा, पोस्टात खातं काढायचं असंल तर या, नवीन आहे मी, टार्गेट दिलंय. आधार कार्ड आणा आन् दोन फोटो. ठेवते.

या म्हणाली. तिनं बोलावलं. स्वतःहून.

परवा जातो. नरसीची एसटी सकाळीच आहे. रामकिशन यायच्या आत पासपोर्ट फोटो इथंच छापून घ्यावा, आकूनंच, शेवटचा. तिच्याच लॉगिनमध्ये, तिच्याच खुर्चीत. आकू, स्पेस, भीम, टॅब.

काही आलं नाही.

पुन्हा दाबलं. ओळ बराबर होती. आताच चालली होती. मग गिऱ्हाइकांची सगळी फोल्डरं वरपासून खालपर्यंत बघितली. मुंजाजी, मुंजाजी, मुंजाजी, पारुबाई. माझ्या नावाचं फोल्डर त्यात नव्हतंच. कधी नव्हतं.

नवीन फोल्डर केलं. नाव हातानं टाइप केलं, एकेक अक्षर.